पाट्याच्या गाडीला एअरबॅग बसवून मागची बाजू उचलायची : पहिल्या मापापासून शेवटच्या नटापर्यंत

"एअरबॅग टाकली की गाडी किती वर जाते?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा सगळं नीट लिहूनच काढतो. एअरबॅग म्हणजे स्टिअरिंगमधली नाही बरं का, सस्पेन्शनची, जाड रबराची, हवा भरून फुगवायची. माझी गाडी इसुझूची व्ही-क्रॉस, मागे कमानपाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), हौद्यावर कॅनोपी, त्यात फ्रीज, पाण्याचे कॅन, तंबू, आणि कोल्हापूरहून वर्षातून एक मोठी ट्रिप ठरलेली. त्यामुळे खाली लिहिलंय ते मुख्यतः पाट्याच्या गाडीचं आहे, जुनी थार सीआरडीई, बोलेरो यांनाही मागच्या बाजूला बरंचसं तसंच लागू पडतं. कॉइलवाल्यांसाठी, म्हणजे गोल वेढ्यांची स्प्रिंग असलेल्या गाड्यांसाठी, शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर पैसे घालून नाराज व्हाल. एअर स्प्रिंग, म्हणजे ही बॅग, बॉडी उचलतं, एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) उचलत नाही. मागच्या एक्सलच्या मधला तो डिफचा (डिफरन्शियलचा, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्याच उंचीवर राहतो, तुम्ही बॅगेत ५ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पाउंड दाब) भरा नाहीतर ८० भरा. तो उचलायचा एकच मार्ग, मोठे टायर. २४५/७० आर१६ काढून २६५/७० आर१६ टाकले तर टायरचा व्यास साधारण २८ मिमीने वाढतो, म्हणजे गोळा त्याच्या निम्मा, १४ मिमी वर येतो, बस. मग बॅगेने मिळतं काय? सामान भरल्यावर मागची बाजू बसते ना, ती परत जागेवर येते. चेसी, मागचा बंपर, टो हुक, सायलेन्सरचं टोक हे सगळं वर येतं, ओढ्यातून बाहेर पडताना मागचं बूड घासत नाही, पाटे आपटत नाहीत. माझ्या मते एअरबॅगचं खरं काम हेच आहे, गेलेली उंची परत आणणं. रिकाम्या गाडीला बॅग फुगवून कायमचं उंच करायला बघाल तर काय होतं तेही पुढे सांगतो, कारण मी ते करून बघितलंय.

हवा उचलते कशी

गणित साधं आहे, दाब गुणिले क्षेत्रफळ. पाट्यावर बसणारी दोन वळ्यांची बॅग असते, डमरूसारखी मध्ये दबलेली, जास्तीत जास्त दाब बहुतेक १०० पीएसआय आणि त्या दाबाला एक बॅग साधारण २५०० पाउंड तोलते. म्हणजे तिचं कामाचं क्षेत्रफळ झालं २५ चौरस इंच. २० पीएसआय भरले तर ५०० पाउंड, म्हणजे सव्वादोनशे किलो, एका बाजूला. पण बॅग जसजशी लांब ताणली जाते तसतसं हे क्षेत्रफळ कमी होत जातं, म्हणून उंच केलेल्या गाडीत तीच २० पीएसआय कमी वजन तोलते. आणि बॅग दाबली गेली की आतली हवा आकसते, दाब वाढतो, म्हणजे जितकं दाबाल तितकी ती कडक. त्यामुळेच भरलेली गाडी खड्ड्यात एकदम आपटत नाही, शेवटी शेवटी हवा तिला सावरते. एसटीच्या व्होल्वो शिवनेरीत बसून पुण्याला गेला असाल तर तो अनुभव घेतलेलाच आहे, तिथे पूर्ण बस हवेवर असते. आपल्याकडे पाटे तसेच राहतात आणि बॅग त्यांना फक्त हातभार लावते, हा फरक लक्षात ठेवा.

पाना हातात घ्यायच्या आधी

गाडी सपाट फरशीवर लावा, टायरमध्ये सारखी हवा भरा, आणि चारही चाकांना हबच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या. जमिनीपासून घेऊ नका, टायरच्या हवेने ते माप बदलतं. एकदा रिकाम्या गाडीचं आणि एकदा ट्रिपला जाताना भरतो तसं सगळं भरून, माणसं बसवून. लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा. माझी मागची बाजू पूर्ण भरल्यावर ५२ मिमी खाली बसत होती. हा आकडा तुमच्याकडे नसेल तर बॅगेत किती हवा भरायची हे तुम्ही अंदाजपंचे ठरवणार, आणि इथेच सगळे जास्त भरतात.

दुसरं, पाटेच बघा. एखादा पाटा तडकलेला असेल, बुश गेले असतील, कमान उलटी झाली असेल, तर आधी कमानवाल्याकडे जाऊन ते काम करून घ्या. मेलेल्या पाट्यांवर बॅग टाकणं म्हणजे सगळं वजन बॅगेच्या ब्रॅकेटवर लटकवणं. शॉकअप गळत असेल तर तोही बदला, कारण बॅग फक्त स्प्रिंग आहे, ती उसळी थांबवत नाही, उलट वाढवते.

तिसरं, वजन. गाडीच्या कागदावर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच. बॅग टाकली म्हणून एक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर यांची ताकद वाढत नाही. गाडी सरळ उभी दिसते म्हणून लोक अजून दोन गोण्या टाकतात, तिथेच गाडीचं नुकसान सुरू होतं. आणि कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कडकपणे सांगितलंय. म्हणून चेसी कापणं, वेल्डिंग करणं या वाटेला जाऊच नका, नटबोल्टने बसणारं आणि परत काढता येणारं किट घ्या, आणि बसवण्याआधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचारा.

सामान

किटमध्ये दोन बॅगा, वरची-खालची ब्रॅकेटं, यू-बोल्ट, पाव इंची नायलॉनचा पाइप, दोन व्हॉल्व आणि उष्णतेपासून वाचवणारा पत्रा येतो. तुमच्या गाडीच्या नावाचंच किट घ्या, "सगळ्यांना बसतं" वालं नको, कारण चेसी आणि एक्सलमधलं अंतर प्रत्येक गाडीत वेगळं असतं आणि बॅग तिच्या ठरलेल्या उंचीला बसली नाही तर ती एकतर चेपते नाहीतर ताणते. तुमच्याकडे हवं : मोठा ट्रॉली जॅक, दोन दणकट घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), पुढच्या चाकांना लावायला लाकडी ओंडके, रिंग पाने, सॉकेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना), नवीन ब्लेड, प्लास्टिकचे टाय, गंजलेले बोल्ट सोडवायला स्प्रे, आणि बाटलीत साबणाचं पाणी. पूर्ण दिवस हातात ठेवा. सोबत एक माणूस पाहिजेच, गाडीखाली एकट्याने जायचं नाही.

बसवायला सुरुवात

गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना पुढून-मागून ओंडके. मागून जॅकने उचला आणि घोड्या चेसीच्या खाली लावा, एक्सलच्या नाही, पण जॅक एक्सलखाली तसाच ठेवा, म्हणजे एक्सल हवा तसा वर-खाली करता येतो. चाकं काढा आणि काढलेली चाकं चेसीखाली आडवी सरकवून ठेवा, घोडी घसरलीच तर गाडी चाकावर पडेल, तुमच्यावर नाही.

आता एक्सल हळूहळू खाली सोडा, आणि सोडताना ब्रेकचा रबरी होज, एबीएसची वायर, हँडब्रेकची केबल आणि डिफच्या ब्रीदरचा पाइप यातलं काहीही ताणलं जात नाही ना ते दोघांनी दोन्ही बाजूंनी बघा. होज ताणला की बाहेरून काही दिसत नाही, आतून फाटतो. फार खाली सोडायची गरजच नाही, बॅग आणि ब्रॅकेट आत सरकेल एवढी जागा झाली की थांबा.

चेसीखाली एक्सलच्या बरोबर वर रबरी ठोकळा असतो, बंपस्टॉप. बऱ्याच किटमध्ये तो काढून त्याच जागी वरची ब्रॅकेट बसते. बोल्ट गंजलेला असणारच, आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. काढलेला बंपस्टॉप फेकू नका, कधी बॅग काढावी लागली तर तो परत बसवावा लागेल, त्याच्याशिवाय एक्सल थेट चेसीवर आदळतो.

मग जमिनीवरच बॅगेला वरची आणि खालची ब्रॅकेट लावून घ्या, हवेचा कोपरा म्हणजे फिटिंग, तेही आत्ताच लावा आणि त्याचं तोंड पाइप ज्या बाजूने न्यायचाय तिकडे वळवा, गाडीखाली गेल्यावर तिथे हात पोचत नाही. हाताने घट्ट करून पान्याने दीड-दोन वेढे, जास्त जोर केला तर प्लास्टिकचं फिटिंग तडकतं. आता हा सगळा जोड पाटे आणि चेसीच्या मध्ये सरकवा, वरचे बोल्ट लावा पण ढिले ठेवा, खालची ब्रॅकेट एक्सल-पाट्यावर बसवून यू-बोल्ट घाला. इथे एक्सलवरून ब्रेकची लोखंडी नळी गेलेली असते, यू-बोल्टखाली ती चिमटली नाही ना हे बोटाने चाचपून बघा, डोळ्याने नाही.

बोल्ट ढिले असतानाच बॅग सरळ करायची. समोरून आणि बाजूने बघा, वरची थाळी आणि खालची थाळी एकमेकांच्या बरोबर वर-खाली आली पाहिजे. थोडी वाकडी बसली तर पहिल्या दिवशी काही कळत नाही, पण वळी एका बाजूला घासत राहते आणि तिथूनच रबर जातं. सरळ झाली की मग किटच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला सगळे बोल्ट आवळा. फुगलेल्या बॅगेभोवती चारही बाजूंनी किमान अर्धा इंच मोकळी जागा पाहिजे, टायर, शॉकअप, होज, कशालाच ती टेकता कामा नये.

सायलेन्सरचा पाइप एका बाजूने जातो. त्या बाजूची बॅग पाइपपासून सहा इंचाच्या आत असेल तर पत्रा लावायचाच, हा पत्रा मुकाट्याने लावा. माझं पहिलं फिटिंग एका गॅरेजमध्ये करून घेतलं होतं, त्यांनी बॅगेला पत्रा लावला पण हवेचा पाइप मात्र सायलेन्सरच्या वरून नेला, टाय सुटला, आणि आंबोली घाट चढताना पाइप वितळून उजवी बॅग पूर्ण बसली. पावसात, भरलेली गाडी, एका बाजूला कललेली, वळणावर पोटात गोळा येत होता. तेव्हापासून पाइपाचा मार्ग मी स्वतः ठरवतो.

पाइप

पाइप नवीन ब्लेडने एका झटक्यात काटकोनात कापा. पक्कडीने कापला तर टोक चपटं होतं आणि गळती तिथूनच सुरू होते, दहातल्या नऊ गळत्या याच असतात असं माझं मत. टोक फिटिंगमध्ये पूर्ण आत ढकला, टेकल्याचं हाताला कळतं, मग हलकं ओढून बघा. चेसीच्या आतल्या बाजूने न्या, प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सरपासून लांब, पत्र्याच्या भोकातून जात असेल तिथे रबरी रिंग, आणि एक्सलजवळ थोडं वेटोळं सैल ठेवा म्हणजे एक्सल खाली लटकला तरी ओढला जाणार नाही.

डाव्या-उजव्या बॅगेला वेगवेगळे पाइप आणि वेगवेगळे व्हॉल्व ठेवा. लोक टी लावून दोन्ही एकत्र करतात, एकदाच हवा भरावी लागते म्हणून. पण मग वळणावर बाहेरच्या बाजूची बॅग दाबली की तिच्यातली हवा आतल्या बाजूला पळते आणि गाडी अजूनच कलते. घाटात भरलेल्या गाडीला हे नको. व्हॉल्व मी मागच्या नंबर प्लेटजवळ लावलेत, चिखल लागतो म्हणून टोपणं मात्र कायम हवीत.

हवा भरायची वेळ

एक्सल लटकत असताना बॅग कधीही फुगवू नका, ती मर्यादेबाहेर ताणते. चाकं लावा, घोड्या काढा, गाडी जमिनीवर घ्या, आणि मग भरा. पेट्रोल पंपावरचा किंवा पंक्चरवाल्याचा मोठा कॉम्प्रेसर वापरू नका, बॅगेत हवा अगदी थोडी मावते, क्षणात ३० वरून ८० होतात. सायकलचा गेजवाला पंप सगळ्यात बरा.

गळती तपासायला ५०-६० पीएसआय भरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडा दिसला तर पाइप बाहेर काढून पाव इंच परत सरळ कापा आणि बसवा. मग रात्रभर तशीच ठेवा. सकाळी गेज लावल्यावर एक-दोन पीएसआय कमी दिसले तर घाबरू नका, गेज लावतानाच तेवढी हवा जाते. दहा कमी दिसले तर गळतंय.

आता गाडी भरा, ट्रिपसारखी, आणि आधी लिहिलेल्या रिकाम्या मापाच्या जवळपास येईपर्यंत पाच-पाच पीएसआयने वाढवा. पूर्ण त्या मापाला नेऊ नका, १० मिमी खालीच थांबा, कारण पाट्यांनाही त्यांचं वजन उचलू द्यायचंय. माझ्याकडे २० पीएसआयला ५२ मधले ४० मिमी परत आले आणि तिथेच थांबलो. रिकाम्या गाडीत किमान ५ पीएसआय कायम, शून्यावर कधीच नाही, कारण रिकाम्या बॅगेची घडी धातूत चिमटून फाटते. नंतर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइटचा झोत बघा, मागची बाजू वर आली की झोत खाली येतो.

नुसतं उंच करायचं असेल तर

मी रिकाम्या गाडीत ४० पीएसआय भरून आठवडाभर चालवली. उंच दिसते, छान दिसते. पण मागे बसलेल्याच्या पाठीचे हाल होतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कच्च्या रस्त्यावर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. सस्पेन्शन आधीच वर ताणलेलं, शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडलेला, मग ओहोळात एक चाक हवेत राहतं आणि फिरत बसतं, जिथे आधी ते जमीन धरून होतं. उंची वाढली आणि पकड गेली. शिवाय दोन इंचाच्या वर उचललं की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि गाडी थरथरायला लागते. खरी लिफ्ट हवी असेल तर जास्त कमानीचे पाटे आणि त्या मापाचे लांब शॉकअप घ्या, पुढेही त्याच हिशोबाने स्प्रिंग बदला, आणि बॅग फक्त सामानासाठी ठेवा.

ट्रेलवर उतरलात की बॅग ५-१० पीएसआयवर आणा, डांबरी लागला की परत भरा. जे खूप ऑफरोड करतात त्यांच्यासाठी खाली वाटीसारखा आधार मिळतो, त्यात बॅग नुसती बसते, बोल्टने जखडलेली नसते, एक्सल खाली लटकला की ती वाटीतून सुटते आणि वर आला की परत बसते. मी सध्या तोच वापरतो आणि मागच्या चाकांची पकड जवळजवळ पहिल्यासारखी झालीय.

पिकअपवाल्यांनी अजून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाटा चेसीला दोन ठिकाणी धरतो, पुढे आणि मागे शॅकलला (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी), म्हणजे वजन दोन जागी वाटलं जातं. बॅग मात्र मधोमध, एक्सलच्या वर, एकाच जागी ढकलते. हौद्याच्या मागे लटकणारं जड सामान, त्यात मागे ट्रेलर, बॅगेत फुल हवा आणि वेगात खड्डा, असं सगळं एकत्र आलं की चेसी बॅगेच्या जागी वाकते. ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपच्या अशा वाकलेल्या चेसीचे फोटो भरपूर सापडतात. म्हणून जड सामान एक्सलच्या पुढे, केबिनला टेकून ठेवा.

कॉइलवाल्यांसाठी

फॉर्च्युनरला मागे किंवा जिम्नीला कॉइल आणि शॉकअप वेगवेगळे आहेत, तिथे कॉइलच्या आत बसणारी नळकांड्यासारखी बॅग येते. तिची हवा पूर्ण काढून, टोपण लावून, गुंडाळी करून कॉइलच्या वेढ्यांमधून आत सरकवायची, मग टोपण काढलं की ती उघडते. जमलं नाही तर शॉकअपचा खालचा बोल्ट सोडून, एक्सल खाली घेऊन कॉइलच बाहेर काढा. काही गाड्यांत बंपस्टॉप कॉइलच्या आतच असतो, तिथे त्याच्यासाठी बनवलेली वेगळी बॅग लागते. या बॅगांची मर्यादा साधारण ३५ पीएसआयच असते, पाट्याच्या बॅगेचे आकडे इथे वापरू नका. ज्या कॉइलच्या आतून शॉकअप जातो, जसं फॉर्च्युनर आणि व्ही-क्रॉसच्या पुढच्या बाजूला, तिथे ही बॅग बसतच नाही.

नंतरची देखभाल

पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत टॉर्कला तपासा, ब्रॅकेटं जागा धरताना थोडी ढिली होतात, आणि परत ८०० च्या आसपास. कोकणातून आलं की त्या लाल चिखलातले खडे बॅगेच्या वळ्यांमध्ये अडकतात, साध्या पाण्याने धुवा, डिझेल किंवा ग्रीस रबराला लावू नका. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पाइपावर नजर ठेवा.

लडाखला जाणाऱ्यांसाठी खास. बाहेरच्या हवेचा दाब कोल्हापुरात पावणेचौदा पीएसआयच्या आसपास, लेहला साडेतीन हजार मीटरवर साडेनऊच्या आसपास, खारदुंग ला ५३५९ मीटरवर त्याहून कमी. घरी भरलेली बॅग लेहला पोचेपर्यंत गेजवर तीन-चार पीएसआय जास्त दाखवते आणि मागची बाजू किंचित कडक लागते. रात्रीच्या थंडीने उलटं होतं, दर १० अंशाला एक-दीड पीएसआय उतरतो. म्हणून तिकडे दाब सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघायचा, आणि आकड्यापेक्षा हबपासून फेंडरच्या मापावर जास्त विश्वास ठेवायचा. टेप मी ग्लव्ह बॉक्समध्येच ठेवतो.

आणि रस्त्यात पंक्चर झालं, चाक बदलायला चेसीखाली जॅक लावून गाडी उचलावी लागली, तर बोल्टने जखडलेली बॅग असणाऱ्यांनी आधी दोन्ही बॅगांची हवा ५ पीएसआयपर्यंत सोडावी, नाहीतर लटकणारा एक्सल बॅगेला ओढून फिटिंग तोडतो. एक्सलखाली जॅक लावलात तर हा प्रश्नच येत नाही.